मागं उरलं

"घरात वापरायचा का कार्यक्रमात, ताई? आधी तेवढं सांगा," सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या दुकानातल्या मल्लिनाथनं विचारलं आणि राजनंदिनी गोंधळलीच. तिला एकच माणूस रेकॉर्ड करायचा होता. पण तो माणूस घरातल्या खोलीत गायला, तरी समोर सगळी जत्रा बसली असल्यासारखाच गायचा.

"दोन्ही," ती म्हणाली. "माझे वडील धनगरी ओव्या म्हणतात. ढोल असतो सोबत. मागं मोबाईलवर घेतल्या, तर नीट आल्या नाहीत."

"येणारच न्हाय की! मोबाईल लई शहाणा. ढोल म्हणजे गोंगाट समजतो आन् गाळून टाकतो." त्यानं कपाटातून तळहाताएवढं काळं यंत्र काढलं. डोक्यावर दोन माइक, खाली हेडफोनची खाच. "ह्यो काहीच गाळत न्हाय. खोलीत जे हाय ते घेतो. ह्यो लाल दिवा लुकलुकला की समजायचं, आवाज लई मोठा होऊन फाटतोय. लगेच थांबवायचं, आवाजाची पातळी कमी करायची, परत घ्यायचं."

तिनं ते घेतलं. दुसरं बघायला वेळ कुठे होता? आप्पांच्या घशातली गाठ वाईट निघाली होती. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. माणूस राहील पण आवाज जाईल, असं डॉक्टर सरळ म्हणाले होते. मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरांमागे हिंडत ज्या आवाजानं तिला जोजवलं, तो निदान या डबीत तरी राहावा, एवढंच तिला हवं होतं.

आप्पांनी फ्लॅटच्या हॉलमध्ये गावाकडून आणलेली घोंगडी अंथरली आणि स्वतः उजवीकडे सरकून बसले. डावी बाजू मोकळी ठेवली. ती जागा सिदूकाकांची. आप्पांनी ओळ टाकायची आणि सिदूकाकांनी ती झेलून माघारी म्हणायची, म्हणजे झील धरायची, असं जन्मभर चाललेलं. सिदूकाका वारल्यापासून आप्पांनी ओवीला तोंड उघडलं नव्हतं.

"झील कोण धरनार, राजे?"

"मी धरते की."

ते हसले. बिरोबाचं नाव घेऊन ढोलावर हलकी थाप मारली आणि सुरू झाले. आवाज पार बसलेला, पिठाच्या जुन्या गिरणीसारखा घरघरणारा. खुर्चीत बसून ती जमेल तशी झील देत होती. मेंढरं माळावर आली, नदीवर आली...

"मेंढरं गेली नदीपल्याड, मागं उरलं..."

लाल दिवा लुकलुकू लागला.

आप्पांचा आवाज तर कुजबुजीएवढा. मग फाटतंय काय? पण मल्लिनाथचं बोलणं डोक्यात पक्कं होतं. तिनं हात वर केला. "थांबा आप्पा, थांबा. परत घेऊ."

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं... ओवी मधीच तोडत्यात व्हय? ती पुरी झाल्याबिगर घोंगडीवरनं कुनी उठत न्हाय..." बोलताना त्यांची नजर डाव्या बाजूकडे गेली. "आता त्यो कसा उठंल?"

त्यांनी पुन्हा ओळ उचलायचा प्रयत्न केला. खोकल्याची उबळ आली, घसा मिटला तो मिटलाच. ऑपरेशनची वाटही त्यानं पाहिली नाही.

ती यंत्र घेऊन दुकानात धावली. मल्लिनाथनं कानाला हेडफोन लावून ऐकलं, मान डोलावली. "यंत्र झ्याक हाय, ताई. दोघं लांब हायत, तिसरे काका माइकला पार चिकटून बसलेत, म्हणून फाटतंय. काय दणक्यात झील देत्यात!"

तिनं हेडफोन घेतले नाहीत. तिला ऐकायचं धाडसच झालं नाही.

ऑपरेशन झालं. आप्पा घरी आले, गळ्याला भोक आणि तोंडात शब्द नाही. ती त्यांचं सगळं करायची, पण हॉलमधली घोंगडी उचलायला गेली की आप्पा तिचं मनगट धरायचे आणि मान हलवायचे. ऐन मे महिन्यात, सोलापूरचं ऊन भाजून काढत असताना, त्या घोंगडीतून ओल्या लोकरीचा वास यायचा. एकदा झाडू मारताना तिचा हात डाव्या बाजूला टेकला. तिथं ऊब होती.

दुपार झाली की आप्पा आपल्या जागी जाऊन बसायचे. ओठ हलायचे. थांबायचे. पुन्हा हलायचे. रोज तीच हालचाल, आणि रोज ते थोडे अधिक वाळलेले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. तिला काय करावं ते कळत नव्हतं. रडूही येईना.

शेवटी एका दुपारी तिनं यंत्र समोर ठेवलं, हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

आप्पांचे ओठ हलले आणि तिच्या कानात त्यांचा आवाज आला. खणखणीत, तिच्या लहानपणीचा, माळावर घुमणारा. तिचे डोळे भरून आले. हाच तर आवाज तिला ठेवायचा होता.

"मेंढरं गेली नदीपल्याड, मागं उरलं..."

लगेच डाव्या कानात दुसरा आवाज. "...मागं उरलं..."

पुन्हा तीच ओळ. पुन्हा झील. ओवी पुढे सरकेना. दर फेरीला झील दमत गेली, श्वास घरघरू लागला, आणि मग ती आलीच नाही. ओल्या लोकरीचा वास हॉलभर दाटला.

"सिदू दमला, राजे..." कानात आप्पा म्हणाले. "त्येला जाऊ दे. तू म्हनली व्हतीस न्हवं... आता तू धर."

समोर आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जोरजोरात मान हलवत होते, नको, नको. आणि त्यांचाच हात घोंगडीची डावी बाजू थोपटत होता.

तिनं हेडफोन ओरबाडून काढले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "आप्पा!"

हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. तिनं पुन्हा हाक मारली. घसा ताणला, शिरा तटतटल्या. तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही.

यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकत होता.