तीन जीपा आणि तांड्याचा चढ

साहेब, खोटं लिहिलंत तुम्ही! 'तांड्यावर कोणतंच वाहन चढत नाही, सबब दवाखान्याची गाडी पाठवता येत नाही.' पंख्याखाली बसून लिहिलंत. म्हणून यंदा, चौऱ्याहत्तरच्या श्रावणात, मेडशीहून तीन जीपा निघाल्या. एक जरी कोणी न ढकलता वर पोचली, तर दर मंगळवारी डॉक्टर येणार! अट तुमचीच.

दवाखान्याची बुटकी पेट्रोल जीप सेवालालकडे होती. तांडा त्याचाच. बायको कमलीबाई सातव्या महिन्यात; मागल्या खेपेला तिला बाजेवर घालून दवाखान्यात आणताना बाळ वाटेतच गेलं होतं.

"त्या डब्यानं चढतं का बे?" लांब डिझेल जीपवाला उकंडराव हसला. "माह्या गाडीत दहा माणसं बसतात!"

"बसव. ढकलाले लागतीन."

उकंडराव रुबाबात नाल्यात शिरला. वजन भारी, काळ्या चिखलाचा गारा. जीप म्हशीसारखी पोटावर बसली, ती बसलीच! दौलतसिंगची लिलावातली लष्करी जीप चाकांना साखळ्या बांधून आली, नाला ओलांडून अर्धा चढ चढली. पण साखळ्यांत चिखल भरून चाकांचे गोळे झाले आणि ती घसरत घसरत उकंडरावशेजारी येऊन टेकली.

सेवालालनं चारी टायरांची अर्धी हवा सोडली.

"पंक्चर करून राह्यला का?"

"बैलाचा खूर पाह्य, उकंडभाऊ. गाऱ्यात पसरते तो."

चारी चाकं इंजिनाला जोडली. पहिला गिअर. नाला सुटला! चढ लागला! माथा वीस हातांवर, आणि समोर आई धुरपताबाई, ताट घेऊन आडवी!

"याडी, सरक! थांबलो त रुतीन!"

"तांड्यावर पहिली मोटर! कुंकवाबिगर कशी येईन?"

आईच ती. ब्रेक! बॉनेटला कुंकू लागलं, नारळ फुटला, आणि जीप बोटबोट खाली बसली. पन्नास माणसं ढकलायला धावली.

"हात लावू नका!" सेवालाल किंचाळला. नाल्यापलीकडे तुम्ही दुर्बीण लावून बसला होतात.

तेवढ्यात कमलीबाई चुलीपुढची पऱ्हाटी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा, ओढत आली. चाकांपुढे अंथरला. मग साऱ्या बायकांनी वर्षाचं जळण ओतलं.

"गाडीले नाही लावला हात, साहेब!" ती ओरडली. "रस्त्याले लावला!"

कडाडकड! जीप उसळली. काड्या उडाल्या, बकऱ्या पळाल्या. माथ्यावर! खाली उकंडरावनं टोपी उडवली.

आणि तुम्ही काय लिहिलंत? 'वाहन पोचते, अर्थात रस्ता उत्तम आहे. रुग्णांनी आपल्या सोयीने दवाखान्यात यावे.'

आठ मंगळवार गेले. कमलीबाईला नववा लागलाय. चढावरची पऱ्हाटी तांड्यानं अजून उचललेली नाही. चुली गोवऱ्यांवर चालल्यात. साहेब, डॉक्टर कोणत्या मंगळवारी येणार? तारीख सांगा!