पूरभिंतीचं दार

सोनम, ती बॅटरी बंद कर. दिग्विजय, तू इकडं सरकून बस. नाथाजी माझ्या वळखीचा माणूस. मिलिटरीतनं सुभेदार हून आलेला. उगं काय बी सांगत सुटंल, असा गडी न्हवं त्यो.

आष्ट्याच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर त्याचं गाव. नाव सांगत न्हाई, तितं आपली सोयरीक हाय. पुरानं लय मार खाल्लेलं गाव. शेवटी नदीच्या बाजूनं पूरभिंत मंजूर झाली. काम रखडत रखडत चाललं, पर झालं. गाव भिंतीच्या आत आलं, खालची आळी तेवढी भाईर ऱ्हायली. तितल्या लोकांस्नी वर जागा दिल्या.

नाथाजीचं जुनं घर त्या आळीत. भिंत व्हायच्या आदी, मोठ्या पुरात त्याची बायको, राहीबाई, त्याच घरात अडकली व्हती. होडी पोचली तवा घरात नुसतं पाणी. ती गावलीच न्हाई. आळीतली आनिक बी माणसं गेली. तवापास्नं नाथाजी येळच्या येळी जेवायचा, झोपायचा, इचारलं तर बोलायचा. रडताना त्याला कुणी बघितला न्हाई. एकदा मला म्हणाला, "तात्याबा, हात बधिर झाला की कसं कळतंय, हाय पर आपला न्हाई? तसं समदं झालंय."

गावचा ओढा भिंतीखालनं नदीला जातो, तितं लोखंडी दार बसवलंय. नदी चढली की भिंतीवरचं चाक फिरवून दार खाली सोडायचं. न्हाईतर नदी ओढ्यातनं उलटी गावात शिरती. ते काम नाथाजीकडं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची रात. बुधवार. पाऊस उघडला व्हता. धरणातनं पाणी सोडल्याचा फोन आला. सून दीपमाला लेकराला थोपटत जागी व्हती. तिला म्हणाला, "दार सोडून येतो." त्यांचं नवं घर ओढ्याच्या काठालाच. पाणी शिरलं असतं तर पयलं तितंच.

भिंतीवर चढला. वारं न्हाई. बेडूक सुदिक गप. त्यानं चाक धरलं आन् फिरवाय लागला. जड जात व्हतं. दार निम्म्यावर आलं आन् खालनं, नदीच्या अंगानं, बाईमाणसाची हाक आली.

"आवं..."

नाथाजी थांबला. बॅटरी मारली. गढूळ पाणी. दुसरं काय न्हाई. परत चाक धरलं.

"आवं, दार लावू नगासा."

"कोण हाय तितं?"

"आमीच."

कुणीतरी खोकललं. म्हातारं माणूस खोकलतंय तसं. मग बारकं पोर कुरकुरलं. कुणीतरी त्याला गप केलं. पाण्यात लय माणसं उभी असावीत... पर बॅटरीत पाणीच.

काय म्हणतोस दिग्विजय? नदीचाच आवाज आसंल त्यो?

आसंल. नाथाजीला बी तसंच वाटलं आधी. मग ती म्हणाली, "पाणी लय गार हाय वं."

आवाज वळखला त्यानं. मला म्हणाला, "तात्याबा, छाती फुटाय पायजे व्हती. काय बी झालं न्हाई. नुसता उभा ऱ्हायलो."

मागं ओढ्याचा आवाज बदलला. पाणी उलटं फिरलं व्हतं. गावाकडं चाललं व्हतं. काठाच्या घरात दिवा दिसत व्हता. दीपमाला जागीच.

नाथाजी बोलला, "लावावंच लागतंय."

त्यानं काठाच्या घराकडं बघितलं.

"आत लेकरू हाय."

खाली पाणी भिंतीला थडकत ऱ्हायलं...

लय येळ.

मग हळूच, "लावा मग."

त्यानं चाक धरलं. मगाचं जड चाक. आता एका हातानं फिरलं. कुणीतरी खालनं दार वढून घेतल्यागत. दार टेकलं. समदं गप झालं. खोकला गप. पोर गप.

उजाडूस्तवर त्यो भिंतीवर बसला. मग घरी आला. दीपमालानं इचारलं, "झालं काम, मामा?"

"झालं."

तिनं भाकरी वाढली. त्यानं खाल्ली. आन् झोपला.

त्या साली गावात थेंब शिरला न्हाई. भिंतीचं लय कौतुक झालं. साहेब लोकं येऊन फोटू काढून गेली. नाथाजीला शाल घातली, त्यानं घेतली.

ही समदी हकीकत त्यानं मला सांगितली त्ये पाणी उतरल्यावर, दार बघाय निघालो तवा. तवर बोलला न्हवता. मी बी ऐकून घेतली. म्हणालो, माणसाचं मन हाय, व्हतंय असं कवा कवा.

नदीच्या अंगाला शिडी लावून उतरलो. आमच्या आदी तिकडं कोण गेलं न्हवतं. गुडघाभर गाळ, लांब नदीपतोर सपाट. माणसाचं पाऊल न्हाई, जनावराचं न्हाई. पाखराचं सुदिक न्हाई.

आन् दारापुढं...

दारापुढं उंबऱ्याएवढी जागा झाडून सारवली व्हती. शेणानं. बोटांच्या अर्ध्या गोल वळ्या, एकीला एक लागून, बायका काढत्यात तशा. कडेला गाळ, मदी ती जागा.

मी नाथाजीकडं बघितलं. त्यो वळसा घालून दारापशी गेला. त्या जागंवर पाय दिला न्हाई.

मी वाकून बोट लावलं.

शेण अजून वलं व्हतं.