‘पण’नंतरचं उत्तर

शाळेमागच्या तळ्यात बेडूक ओरडायला लागले, तेव्हा इंग्रजीच्या श्रवणपरीक्षेला जेमतेम चार मिनिटं उरली होती. लुओ शिनहीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. महिनाभर खपून तिने पेपर काढलेला, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाची हजार मुलं कानात प्राण आणून बसलेली, आणि हे मेले डराँव डराँव करतायत!

हातात छत्री होती, तीच काठीसारखी उगारून ती तळ्याकडे धावली. मार्चची भुरभुर चालू होती. तिथे एक माणूस गुडघ्यापर्यंत विजार दुमडून पाण्यात उभा, हातात जाळी.

“अहो, काय चाललंय काय? परीक्षा आहे आज, कळतंय का? मासे कसले पकडताय—”

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि वर बोट दाखवलं. कापराच्या झाडाला बांधलेला भोंगा खरखरला, परीक्षा सुरू झाली. आता पुढची वीस मिनिटं आवारात पानही हलायचं नाही, हा शाळेचा दंडक. शिनहीचं उरलेलं वाक्य घशातच राहिलं.

त्या माणसाने मुकाट्याने तिच्यापुढे बादली धरली. आत बेडूक! दोन धरलेले, नऊ धरायचे होते. ती बादली धरून उभी राहिली. काय करणार? बेडूक उडी मारून बाहेर येऊ नयेत म्हणून तिने बादलीवरच छत्री उघडून धरली, आणि दोघं भिजत राहिले. तो एकेक बेडूक अलगद उचलायचा, छत्रीची कड वर करायचा, आत सोडायचा. प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून हसायचा. बोलायची सोय नाही, ओरडायची नाही, आणि हसू तर अगदी दाबूनच ठेवायचं.

वर भोंग्यातला पुरुष इंग्रजीत विचारत होता, आज संध्याकाळी सिनेमाला येतेस का? बाई म्हणाली, आवडलं असतं, पण बहिणीला आणायला स्टेशनवर जायचंय. पुढच्या संवादात त्याने जेवायला बोलावलं. बाई म्हणाली, छान कल्पना आहे, पण आज ग्रंथालयात काम आहे.

वीस मिनिटं संपली, घंटा झाली. त्याने पहिलं तोंड उघडलं ते असं, “ही नेहमी नाहीच म्हणते का हो?”

“कोण?”

“भोंग्यातली बाई. बिचारा इतक्या वेळा विचारतोय.”

“ती मीच आहे,” शिनही म्हणाली.

माणूस असा लाल झाला म्हणता! हातातला अकरावा बेडूक सुटून परत पाण्यात गेला.

*

त्याचं नाव थान यूशेंग. गेल्याच आठवड्यात प्रसारणाच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून कंत्राटावर लागलेला. भोंगे, तारा, ध्वनिमुद्रण सगळं त्याच्याकडे. बेडूक मात्र त्याच्या कामात नव्हते, ते त्याने आपणहून घेतलेले.

“मी याच शाळेचा,” नदीवर बेडूक सोडायला जाताना त्याने सांगितलं. “माझ्या विद्यापीठ प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेच्या दिवशी हे असेच ओरडत होते. मी शेवटच्या खिडकीशी. सहा प्रश्न बुडाले माझे. सहा! विद्यापीठ गेलं, तांत्रिक शाळेत गेलो. तेव्हाच म्हटलं, पुढे कुणाचं तरी असं होऊ द्यायचं नाही.”

“म्हणजे बेडकांवर सूड?”

“छे हो. त्यांची बदली करतोय फक्त.”

ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती कोण जाणे.

शिनही सराव परीक्षांचे पेपर काढायची, संवाद लिहायची, आणि बाईचा आवाजही तिचाच. पुरुषाचा आवाज होता म्हाताऱ्या फंग सरांचा. निवृत्तीला आलेले, हातात सदा गरम पाण्याचा थर्मास, जिभेला हाड नाही. एप्रिल लागला आणि फंग सरांचा घसा बसला. “वैद्याने पंधरा दिवस बोलू नको म्हटलंय,” हे त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “थानला घ्या. आवाज बरा आहे पोराचा.”

आवाज बरा होता, इंग्रजी मात्र विचारू नका. हूनान प्रांताच्या त्या भागातल्या माणसाच्या जिभेवर न आणि ल एकाच खाटेवर झोपतात. शिनही एकेक शब्द घोटून घ्यायची. खोलीच्या भिंतींना जाड गोधड्या लावलेल्या, आवाज होतो म्हणून पंखा बंद, माइक एकच. त्यामुळे खांद्याला खांदा लावून बसावं लागे आणि श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे.

“जीभ वर. वर… दातांच्या मागे.”

“दाखवा ना.”

“थान सर!”

“अहो, शिकण्यासाठी म्हणतोय,” तो साळसूदपणे म्हणायचा. कान मात्र लाल.

एकदा ध्वनिमुद्रण संपल्यावर त्याने कागद खाली ठेवला. “लुओ मॅडम, एक विचारू? तुमच्या पेपरातली बाई एकदाही सरळ हो का म्हणत नाही?”

“सरळ हो म्हटलं तर प्रश्न कशावर विचारू? पोरं पहिलं ऐकतात आणि लगेच खूण करतात. म्हणून आधी फसवायचं. ‘पण’च्या आधीचं सगळं फोलपट, उत्तर ‘पण’च्या नंतर. तिसऱ्या वर्षाच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल.”

“वाचनाच्या उताऱ्यात बरं असतं,” तो म्हणाला. “मागे जाऊन पुन्हा वाचता येतं. ऐकण्याचं तसं नाही. छोटे संवाद एकदाच वाजतात, गेलं ते गेलं.”

“म्हणून तर आधी प्रश्न वाचून ठेवायचे. मग ऐकायचं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मी प्रश्न कधीच वाचून ठेवलाय,” हे तो इतकं हळू बोलला की माइक चालू असता तरी त्यात आलं नसतं. शिनहीला ऐकू आलं. तिने कागद गोळा केले.

*

मग त्याने विचारलं. एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा, पुलापलीकडे तांदळाच्या शेवयांचं दुकान आहे, तिथे मिरचीचं लोणचं झकास मिळतं, येणार का? शिनही म्हणाली, “आवडलं असतं, पण उत्तरपत्रिका आहेत.” दुसऱ्यांदा, नदीकाठी फिरायला. “छान कल्पना आहे, पण उद्या पालकसभा.” तिसऱ्यांदा त्याने नुसतंच म्हटलं, “रविवारी?” आणि तिने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, “पण…?”

“पण बहिणीकडे जायचंय,” ती म्हणाली आणि जीभ चावली. बहीण कुठे होती तिला! पेपरातली होती ती.

आता तुम्ही म्हणाल, बाईला आवडत होता तर घोडं अडलं कुठे? अडलं ते असं. चार वर्षांपूर्वी महाविद्यालयातल्या एकाला ती हो म्हणाली होती. सरळ, पटकन, काही हातचं न राखता. तो परदेशी गेला आणि ‘पण’ त्याने नंतर पत्राने पाठवला. तेव्हापासून तिचा ‘पण’ आधी यायचा. सवयच झाली जिभेला.

यूशेंग रागावला नाही. त्याला रागावता येतच नव्हतं बहुधा. शेवटच्या सराव परीक्षेच्या आठवड्यात, तारा गुंडाळता गुंडाळता त्याने सहज सांगितलं, “छांगशा शहरातल्या एका कंपनीने बोलावलंय. ध्वनियंत्रांची मोठी कंपनी आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

शिनहीने हातातले कागद खाली ठेवले. “आणि शाळा?”

“मुख्याध्यापक म्हणतात, राहणार असशील तर कायम करतो. तेही शुक्रवारीच. दोन्ही कागद खणात आहेत.” त्याने तारेला गाठ मारली. “मला इथेच आवडतं, मॅडम. हे भोंगे, तळं… पण रोज या खोलीत तुमच्या शेजारी बसायचं आणि रोज नाही ऐकायचं, ते काही झेपणार नाही मला. तीन प्रश्न चुकले की माणसाने पुढच्या प्रश्नाकडे वळावं, तुम्हीच शिकवता ना पोरांना?”

शिकवते, ती मनात म्हणाली. आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या शिकवण्याचा राग आला.

संध्याकाळी ती नदीकाठच्या पायऱ्यांवर पेपर घेऊन बसली होती, तर खालून गाणं ऐकू आलं. खणखणीत आवाजात कुणीतरी जुनं नाट्यगीत आळवत होतं. वाकून बघते तो फंग सर! शेजारी थर्मास, आणि हात हवेत.

“सर! घसा बसलाय ना तुमचा?”

फंग सर गाण्यात मधेच थांबले. जराही लाजले नाहीत. “बसला होता. आता उठला.”

“दोन महिने झाले!”

“दोन महिने झाले आणि अजून तुमचं काही जमेना, त्याला मी काय करू?” त्यांनी थर्मासातून घोट घेतला. “पोरी, तुझं वाचन चांगलं आहे. सगळ्या उताऱ्यांतला दडलेला अर्थ काढतेस. ऐकणं मात्र कच्चं. समोरचा माणूस साध्या शब्दांत बोलला, तेही तीन वेळा. मोठा संवादसुद्धा आम्ही दोनदाच वाजवतो गं.”

पाण्यावर ऊन उतरत होतं, काठाला कुठेतरी एक बदली झालेला बेडूक ओरडत होता. ती पायरीवर बसूनच राहिली. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण शुक्रवारनंतर त्या खोलीत त्याच्याऐवजी दुसरंच कुणी बसलेलं असेल, हे डोळ्यांपुढे आलं, तेव्हा ती भीती त्याहून मोठी निघाली. तिने पेपरचं पहिलं पान काढलं आणि त्यावर खूप वेळ काहीतरी लिहून खोडलं, लिहून खोडलं.

*

गुरुवारी शेवटचं ध्वनिमुद्रण. सगळे संवाद झाले. बाईने नेहमीप्रमाणे तीन निमंत्रणं नाकारली, एकदा गाडी चुकवली आणि एकदा बेत बदलला.

“आता फक्त आवाज तपासायचा तुकडा,” शिनही म्हणाली. परीक्षेआधी वाजतो तो. त्याला गुण नसतात. भोंगे नीट वाजतायत का, एवढंच बघायचं.

“जुनाच वापरू की.”

“नवा लिहिलाय.” तिने कागद पुढे सरकवला. त्यावर फक्त त्याची ओळ होती. तिची जागा कोरी.

यूशेंगने कागद बघितला, तिच्याकडे बघितलं. लाल दिवा लागला. त्याने जीभ दातांच्या मागे नेऊन, न आणि ल वेगवेगळे ठेवून, शिकवल्यासारखं स्वच्छ इंग्रजीत वाचलं, “आज माझ्याबरोबर पुलापलीकडे शेवया खायला येशील?”

“हो,” शिनही म्हणाली.

तो वाट बघत राहिला. एक सेकंद, दोन… भिंतीवरच्या गोधड्यासुद्धा कान देऊन होत्या जणू. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते.

“पण…?” त्याने अगदी हळू विचारलं, इंग्रजी सोडून.

“पण नाही.”

“उत्तरपत्रिका?”

“असू देत.”

“बहीण?”

“मला बहीण नाहीये, यूशेंग. मला भीती वाटत होती, म्हणून तोंडाला येईल ते सांगत होते. अजून वाटतेय. तरी हो म्हणतेय.” ती त्याच्याकडे वळली. “तू जाऊ नकोस. म्हणजे… तुला छांगशाची हौस असेल तर जा. पण मी नाही म्हटलं म्हणून जाऊ नकोस. मी हो म्हणतेय.”

त्याने हात पुढे केला आणि लाल दिवा बंद केला. हात परत जागेवर गेलाच नाही, तिच्या हातांवर येऊन थांबला. गरम होता, तारांमुळे खरखरीत.

“पुन्हा घ्यावं लागेल,” तो म्हणाला.

“का? चांगलं झालं की.”

“शेवटी माझा ‘पण’ आला ना त्यात. कापला असता, पण…” तो हसायला लागला. “मला पुन्हा ऐकायचंय.”

त्यांनी तो तुकडा सात वेळा ध्वनिमुद्रित केला. पहिल्या दोन वेळा तो हसला, नंतर ती हसली, आणि सहावा अगदी निर्दोष होता. तरी सातवा घेतलाच.

*

शुक्रवारी सकाळी यूशेंगने खणातला एक कागद मुख्याध्यापकांना दिला आणि दुसऱ्याची होडी करून तळ्यात सोडली. तळं गप्प होतं. आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून बावीस बेडूक पुलापलीकडे नेले होते, शेवया खायला जाता जाता.

दुपारी शिनही तिसऱ्या वर्षाच्या वर्गात पर्यवेक्षणाला उभी होती. पंचेचाळीस मुलं, पंचेचाळीस पेन्सिली, आणि खिडकीबाहेर कापराच्या झाडाचा वास. भोंगा खरखरला. पुरुषाने विचारलं, आज शेवया खायला येशील? बाई म्हणाली, हो.

पेन्सिली तशाच वर. सगळ्या माना तिरप्या. पंचेचाळीस मुलं ‘पण’ची वाट बघत होती. भोंग्यातून काहीच येईना.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “मॅडम, पुढचं कापलं गेलंय का?”

“नाही,” शिनही म्हणाली. तिचे गाल तापले होते, आणि तापू देत असं तिला वाटत होतं. “एवढंच आहे.”