सांभाळायला दिलेला चुडा

कासंडी हातातून निसटली ती निसटलीच... आणि सकाळच्या धारेचं फेसाळ दूध गोठ्यातल्या शेणात मिसळून गेलं! चंद्री म्हैस दचकून बाजूला सरली. प्रांजल मात्र जागची हलली नाही. उजवा अंगठा तळहाताशी दुमडून अडकला होता. डाव्या हाताने ओढला तेव्हा 'कट्' असा आवाज करून तो उघडला आणि कळ पार कोपरापर्यंत धावली. डोळे भरून आले, पण रडायचीही चोरी. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"सांडलं? सांड! मोबाईलवर बरा फिरतोय गं अंगठा, धारंलाच कसा अडतोय?" हरणाबाई कडाडल्या.

पलूसजवळच्या या घरात सून म्हणून आल्यापासून प्रांजलने धार कधी चुकवली नव्हती. नवरा शंभूराज फौजेत, सीमेवर; सासरे केव्हाच गेलेले; दावणीला म्हशी आणि घरात या दोघीच. तेल चोळून, चिंधी बांधून तिने ते दुखणं एखाद्या पापासारखं लपवलं होतं. तरी सासूबाईंच्या लेखी ती कामचुकारच! त्या एका शब्दाने तिचं अंतःकरण जितकं सोललं, तितकं अंगठ्याच्या कळेनेही नाही...

संध्याकाळी फोनवर शंभूराजने तिचा आवाज ओळखला. "उद्याच्या उद्या सांगलीला जा. आईला संगं ने," म्हणाला. हरणाबाई निघाल्या खऱ्या, पण सुनेचं नाटक उघडं पाडायला!

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी अंगठा दाबून, वाकवून पाहिला. "अंगठा वाकवणारी आत एक दोरी असते. ती सुजून आपल्याच नळीत अडकतेय. इंजेक्शनाची वेळ गेली आता. हात बधिर करून नळी मोकळी करायची, छोटंसं ऑपरेशन आहे. धार कशी काढता हो तुम्ही?"

प्रांजलने हवेतच करून दाखवलं.

"अंगठा आत दुमडून? अहो, रोज सगळा जोर त्या सांध्यावर! पूर्ण मुठीने काढायची धार. ही रीत शिकवली कुणी तुम्हाला?"

प्रांजलने मान खाली घातली. नाव ओठांवर होतं. इतक्या दिवसांचा सूड एका शब्दात उगवला असता. ती हळूच म्हणाली, "कुणी न्हाई... माझी मीच शिकले."

मग पदराखालून एक हात बाहेर आला. अंगठा बाभळीच्या फांदीसारखा वाकडा, कायमचा ताठरलेला!

"मी शिकवली, डाक्टरबाई," हरणाबाईंचा आवाज चिरकला. "माझाबी असाच अडकायचा. रडले, तर सासू म्हणली, नाटकं करतीस. मग एक दिस त्यो उघडलाच न्हाई... मला वाटलं, बायकांचं अंगठं असंच व्हत्यात."

प्रांजलने त्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि मनातला सगळा राग दुधावरच्या फेसासारखा बसला.

ऑपरेशनच्या दिवशी नर्स म्हणाली, "या हातातल्या बांगड्या काढा."

प्रांजलचा चेहरा पांढरा पडला. नवरा सीमेवर, आणि हात मोकळा? "ताई, दोरा तरी बांधू?"

"काहीच चालत नाही हो."

तेवढ्यात दोन उघडे हात तिच्यापुढे आले. सासरे गेल्यापासून ज्यांना काच शिवली नव्हती, ते हात!

"भर माझ्या हातात."

"आवं आत्या! लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी म्हशीच्या धारंला बोलीव, मग ऐकू त्येंचं. माझ्याच लेकाचा चुडा हाय ह्यो. मी न्हाई सांभाळायचा, तर कुणी सांभाळायचा?"

नर्सने साबणाचा फेस लावून त्या वाकड्या अंगठ्यावरून एकेक हिरवी बांगडी चढवली. प्रांजल आत गेली ती मागे वळून बघत... बाकड्यावर बसलेली तिची विधवा सासू चुडा भरलेला हात मांडीवर सांभाळत होती, देवघरातला दिवा सांभाळावा तशी.

घरी आल्यावर धारा हरणाबाईंनी घेतल्या, मुठीने. अर्धं दूध कासंडीत, अर्धं लुगड्यावर! "हसू नगंस, टाकं उसवतील," त्या दटावायच्या, आणि भाकरी दुधात कुस्करून सुनेला भरवायच्या. प्रांजलला वाटे, माहेरीदेखील इतकं सुख कधी लाभलं होतं का?

टाके निघाले. रबरी चेंडू दाबता दाबता एका सकाळी अंगठा अलगद उघडला... आवाज नाही, कळ नाही! प्रांजलने तो डोळ्यांना लावला.

त्याच दुपारी हरणाबाई साबणाचं पाणी घेऊन बसल्या. "घे बाई तुझा चुडा. काढ."

प्रांजलने तो खडबडीत हात आपल्या हातात घेतला. बऱ्या झालेल्या अंगठ्याने त्या न बऱ्या झालेल्या अंगठ्यावरून हळुवार तेल फिरवलं.

"आज न्हाई, आत्या. बुधवारी सांगलीला जायचंय. तुमचाबी अंगठा दाखवायचाय. थोडातरी सुटंल, डाक्टरबाई म्हणल्यात."

"माझा? आता या वयात?" हरणाबाई आपल्या वाकड्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "आजवर कुणी इच्यारलं न्हाई गं..."

"मी इच्यारतीया न्हवं? तितं बांगड्या काढाया लावतीलच. तवा मी सांभाळीन." प्रांजलने पाण्याचं घमेलं बाजूला सारलं. "आन् टाकं निघालं, की परत तुमच्याच हातात भरीन!"