वेबरांचं पान

"पान नुसतं फाडलेलं नाही, फौजदारसाहेब. मुळापासून खुडलंय."

पाद्री हेनेकेंनी बाप्तिस्म्याची जुनी वही दिव्याखाली सरकवली. शिवणीपाशी कागदाची बारीक झालर तेवढी उरली होती. फौजदार लोटार क्रेसनं तिच्यावरून बोट फिरवलं, दाढ काढल्यावर जीभ फिरते तसं.

युद्धाचा चौथा हिवाळा होता. हेसेलग्रुंड गावात आता लग्नाला वऱ्हाडाआधी पणज्या हजर कराव्या लागत. वंशात कोणी ज्यू नाही हे दाखवायला सगळ्या पूर्वजांचे बाप्तिस्मे जुळले तरच वरून शिक्का मिळे. गेल्या वर्षी शिंप्याच्या बायकोची एक आजी वहीत सापडेना. मग एक गाडी येऊन तिला घेऊन गेली. तिच्या घराच्या दारावरचं सरकारी सील अजून तसंच होतं, आणि तिथून जाताना बायका आवाज उतरवत.

"कोणाचं पान हे?"

"कॉनराड राबेनाऊच्या पणजीचं. सबीने वेबर. लग्नाच्या वहीत नाव मिळालं, मागच्या सूचीत पानाचा आकडा मिळाला, आणि उघडून बघतो तर हे."

कॉनराड आघाडीवरून सुट्टीवर आला होता. लग्न रविवारी. सोमवारी तो पुन्हा पूर्वेकडे जाणार होता.

"या खोलीत कोण कोण येतं?"

"मी. नोंदींच्या नकला करणाऱ्या झायफार्टबाई. फुलं घेऊन कॉनराडची नियोजित वधू, कुमारी ऑटिलिए डॉर्नझाइफ. आणि वेदीची वस्त्रं धुवायला न्यायला कॉनराडची आई."

"कपाटाची किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला."

"म्हणजे कुलूप शोभेला," क्रेस म्हणाला.

झायफार्टबाई शहरातलं घर बाँबमध्ये गेल्यावर इथे आल्या होत्या. बोटं शाईनं निळी, जीभ धारदार.

"परवा स्टेशनवरून कॉनराडच्या घसरगाडीत बसून आलात म्हणे. हसत," क्रेस त्यांना म्हणाला.

"रडत यायला हवं होतं का?"

"ऑटिलिएचा राग येतो?"

बाईंनी टाक खाली ठेवला. "हेवा वाटतो. ते दोघं टेकडीवरून उतरताना दिसले की मी खिडकी लावून घेते. घ्या लिहून."

"या वहीतलं जुनं अक्षर कोणाला वाचता येतं?"

"मला. पाद्रीसाहेबही मलाच विचारतात. बाकीच्यांना सूचीतली ठळक आडनावं लागली तरी खूप झालं."

क्रेस राबेनाऊंच्या स्वयंपाकघरात शिरला तेव्हा कॉनराडची आई आडेलहाइड चुलीवर मुलाचे मोजे वाळवत होती. एकेक मोजा ती गालाला लावून बघत होती.

"काकू, चर्चच्या वहीतून कॉनराडच्या पणजीचं पान गेलंय. तुमच्या आजीचं."

मोजा तिच्या हातातच राहिला. "कॉनराडच्या? कसं शक्य आहे?"

"का नाही?"

"माझी आजी पूलवाल्यांची सबीने. साऱ्या गावाला ठाऊक आहे. तिचं पान कसं जाईल?" तिचे ओठ पांढरे पडले. "आता त्याला काही करतील का हो?"

"ते मलाच माहीत नाही. सूनबाई कशी मिळतेय?"

"वेबरांची ऑटिलिए? चांगलीय की. माझ्या सुपात मिरी जास्त असते, हे तिनं आल्या आल्या शोधून काढलं. बावीस वर्षं तेच सूप पिऊन तो वाढला, तेव्हा जास्त नव्हती."

दुपारी क्रेसनं त्याच स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवलं. पाद्री, झायफार्टबाई, ऑटिलिए, आडेलहाइड. कॉनराड उभाच होता.

"गावात बोलतायत, राबेनाऊंना काहीतरी लपवायचंय," तो म्हणाला. "माझं पान कोणी फाडलं?"

"कोणीच नाही. फाडणाऱ्याला ऑटिलिएचं हवं होतं."

ऑटिलिए दचकली. "पण आम्ही तर डॉर्नझाइफ!"

"चर्चच्या वहीत, पोरी. गल्लीत तुला काय म्हणतात?"

"वेबरांची."

"तुझ्या पणजोबांनी वेबर विणकराचं घर विकत घेतलं. विणकर पुलाजवळ राहायला गेला, त्याचं नाव मात्र घरालाच चिकटलं. जो त्या घरात राहील तो वेबर. आणि त्या खऱ्या वेबराची लेक सबीने पुलापाशी वाढली म्हणून झाली पूलवाल्यांची. तिचं आडनाव वहीखेरीज कोणाच्या लक्षातच राहिलं नाही."

पाद्रींनी कपाळाला हात लावला. "मी सहा महिन्यांपूर्वी आलो. मला तर ही घरांची नावं आजच कळतायत."

"म्हणूनच तुम्ही सुटलात. झायफार्टबाईही. त्या सगळ्यांना वहीतल्या आडनावानं ओळखतात. शिवाय त्यांना पान फाडायची गरज काय? 'सापडलं नाही' एवढं म्हणाल्या असत्या, तर तपासणार कोण? ऑटिलिएला स्वतःचं आडनाव ठाऊक आहे. फाडणारा माणूस याच गावात जन्मलेला. जुनं अक्षर न येणारा. सूचीत त्यानं 'वेबर' शोधलं, आकडा बघितला आणि पान खुडलं." क्रेसचा आवाज खाली आला. "सकाळी मी एका घरी सांगितलं, कॉनराडच्या पणजीचं पान गेलं. कोणी नेलं, असं मला विचारलं गेलं नाही. 'कसं शक्य आहे' असं विचारलं. दुसऱ्याच कोणाचं तरी पान गेलंय अशी ज्याची खात्री असते, तोच असं विचारतो."

चुलीत एक लाकूड खचलं.

"आई?" कॉनराड म्हणाला.

आडेलहाइडनं त्याच्याकडे बघितलं नाही. "या खेपेला लग्न टळलं असतं. पुढच्या सुट्टीत तू आधी माझ्याकडे आला असतास. आता स्टेशनवर उतरलास की तुझी नजर माझ्या डोक्यावरून जाते रे."

"आणि ऑटिलिए?" क्रेसनं विचारलं. "शिंप्याच्या बायकोचं दार तुम्हाला रोज दिसतं, काकू."



"दिसतं," ती म्हणाली.

"पान जाळलंत?"

"बाप्तिस्मा झालेल्या लेकरांची नावं चुलीत घालू? इतकी नाही मी बिघडले." ती उठली. इस्त्री केलेल्या वेदीवस्त्रांच्या थप्पीतून तिनं पान काढलं आणि, कोणाला द्यावं ते न कळून, हातातच धरून राहिली.

ऑटिलिएनं पुढे होऊन ते घेतलं.

"शिवण सैल होती," क्रेस पाद्रींना म्हणाला. "पान गळून वस्त्रांत अडकलं. मला एवढंच दिसलं."

"मलाही. संध्याकाळपर्यंत डकवतो. झायफार्टबाई, तुम्हाला?"

"मला जवळचं धड दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि टोपी घालू लागल्या.

"ऑटिलिए," आडेलहाइड घोगऱ्या आवाजात म्हणाली, "रविवारी लग्न होऊ दे. मला आई म्हण."

"रविवारी बघू," ऑटिलिए म्हणाली. पान तिनं छातीशी धरलं होतं. "आज काकूच बऱ्या."

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. कॉनराड दाराशी थांबला तसा आईचा हात सवयीनं उचलला गेला, त्याच्या कोटाचं गळ्याचं बटण लावायला.

ते लागलेलं होतं.