कांताबाईचा हयातीचा अंगठा

जेवणं आटोपून पोरं विहाराच्या ओट्यावर जमली की पंजाबराव बोलायला बसतात. फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. उगाच थापा मारत नाही. "कलीमले इचारा," ते म्हणाले, "त्याच्यावर गुदरलेली गोष्ट हाय. आपून हसतो, तो हसत नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

२०२४ सालची तीस नोव्हेंबर. शनिवार, वरून अमावास्या. फुलसावंगीत बँकेचं छोटं केंद्र चालवणारा कलीम दुकान बंद करून, मोबाइलला जोडायचं अंगठ्याचं मशीन पिशवीत टाकून कांताबाईकडे निघाला. तिचा एकुलता मुलगा अश्वजित, सीमेवर लढाई पेटली तेव्हा बर्फातल्या चौकीवर शहीद झाला होता. पेटी बंदच आली. उघडू दिली नाही. तेव्हापासून आईला पेन्शन होती, आणि पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मुलगा मेल्याचं कळवायला सरकारला एक फोन पुरला. आई जिवंत असल्याचं मात्र दरवर्षी अंगठा लावून पटवावं लागे. आज शेवटचा दिवस. रात्री बाराच्या आत मशीनने होकार दिला नाही तर पेन्शन बंद, आणि चूलही. जिल्ह्याला ती हेलपाटे घालून आली होती. तिथे एकच उत्तर मिळालं: मशीनवरच करा.

पण जन्मभर कापूस वेचून आणि भांडी घासून तिच्या अंगठ्याची रेघ न् रेघ पुसली गेली होती.

"दाब, मावशी."

"कितीक दाबू? काच फुटन ना बाप्पा."

"अजून एकडाव."

"मी तुह्यासमोर बसून बोलून राह्यली. जित्ती हाय का मेली, मले इचार ना. मशीनले कायले इचारतं?"

"साहेबाचा तुह्यावर भरोसा नाही, मावशी. मशीनवर हाय."

ती हसली. कलीमने बोटांना खोबरेल चोळून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. सगळी बोटं झाली. मशीन नाहीच म्हणत राहिलं. अकरा वाजून गेले.

मग लाइट गेली.

काचेखालचा लाल दिवा तेवढा जळत होता. त्या उजेडात कांताबाईचा अंगठा. खोलीत एकाएकी गारवा भरला. दार तर बंद होतं.

"मावशी… हात हलू देऊ नको."

 ती कलीमकडे पाहत नव्हती. त्याच्या खांद्यामागे पाहत होती.

"अशू…" ती अगदी हळू म्हणाली. "आला का रे?"



कलीमला वळून पाहायचं होतं. मान वळेना. मानेवर कोणाचा तरी श्वास… नाही, श्वास नव्हता. नुसता गारठा. त्याने लाल उजेडात हात पाहिले. कांताबाईचा, काचेवर. त्याचे स्वतःचे दोन्ही, मोबाइल धरलेले. आणि तिच्या अंगठ्यावर टेकलेला आणखी एक…

काळा. ताठ बोटांचा.

"दाब," कांताबाई म्हणाली. "दाब, अशू… मले दुखत नाही."

मशीन वाजलं.

मोबाइलवर हिरवी खूण उमटली. कांताबाई… हयात.

लाइट आली तेव्हा खोलीत दोघंच होते. कलीम मशीन तिथेच टाकून अनवाणी निघाला. त्यानंतर तो त्या घरात गेलेला नाही.

पेन्शन सुरू राहिली.

रविवारी सकाळी पंजाबराव कांताबाईकडे गेले. ती डाव्या हाताने भाकर थापत होती. उजवा अंगठा पेरापर्यंत काळानिळा पडलेला, लाकडासारखा कडक. टाचणी टोचली तरी तिला कळेना. उमरखेडच्या डॉक्टरने चुलीवर भाजलं असेल म्हणून मलम दिलं.

"भाजलं नवतं," पंजाबराव म्हणाले.  "वर चौकीवर अशी बोटं म्या लय पाह्यली. पोरं रातभर पहारा देत, आन् सकाळी हातमोजा काढला की… बर्फानं जळालेला अंगठा होता तो."

पंजाबरावांनी वर आभाळाकडे पाहिलं.

"आन् त्या राती आपल्या गावात आभाळ आलतं. उकडून राह्यलं होतं."