झीजवाचन

"आवाज की आयुष्य? आधी तेवढं ठरवा, बाकी मग बघू," असं म्हणत टायरअक्कांनी दोन टायर घरंगळवत आणले आणि नीरजा-श्रीरंगच्या पुढ्यात उभे केले. दोन्ही काळे, दोन्ही गोल. नीरजाला त्यांच्यात काडीचाही फरक दिसेना.

अक्कांचं खरं नाव शैला चौगुले, पण सांगली-मिरज रस्त्यावर त्या नावानं त्यांना ओळखणारं आता कोणी उरलं नव्हतं. त्यांनी एका टायरवर थाप मारली. "ह्यो मऊ. आतनं फेसाचं अस्तर हाय. गाडी चाललीय का उभी हाय, कळायचं न्हाई. पर मऊ ते झिजतंय. तीन-चार वर्षं धरा." मग दुसऱ्यावर. "ह्यो कडक. बारा वर्षांची हमी. तुमची लेक धा-बारा यत्ता शिकून हुईस्तवर ह्याच्याकडं बघायला नको. पर गुणगुणतोय."

"कडक," नीरजा म्हणाली.

"मऊ," श्रीरंग त्याच क्षणी म्हणाला.

"गोल," त्याच्या कडेवरच्या तीन वर्षांच्या जुईनं आपलं मत दिलं. अक्का खदखदून हसल्या.

खरं म्हणजे भांडण घरापासूनच सुरू झालं होतं. गाड्या विजेवर आल्या, इंजिनाची घरघर गेली, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की गाडीत आवाज इंजिनापेक्षा टायरचाच जास्त असतो. एरवी झाकलेला तो घूंऽऽ असा एकसुरी आवाज उघडा पडला. त्यात बॅटरीच्या वजनानं टायर लवकर झिजू लागले. झिजलेल्या रबराची बारीक धूळ पावसाबरोबर नदीत उतरायला लागली, तसा कायदा आला. जुना टायर टाकण्याआधी त्याची किती झीज झाली, कशी झाली, याचं वाचन करून नोंद करायची. आज ते दोघं त्यासाठीच आले होते.

नीरजा फिजिओथेरपिस्ट. म्हैसाळ, बेडग, आरग अशी गावं करत रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरायची. अंथरुणाला खिळलेल्यांना बसवायचं, बसलेल्यांना उभं करायचं, उभ्यांना चालवायचं, हे तिचं काम. तिला टिकाऊ टायर हवे होते, बस.

श्रीरंगचं म्हणणं वेगळं होतं. तो मिरजेत तंबोरे करायचा. त्यातही त्याचा हात जवारीवर. ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा माथा कानशीनं केसाएवढा घासत न्यायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत राहायचं, आणि अचूक जागा सापडली की तार नुसती वाजत नाही, उजळते. डाव्या बोटानं धागा सरकवायचा, उजव्यानं तार छेडायची. बारा वर्षं तो हेच करत आला होता. पण गेले काही महिने त्याची जवारी जमत नव्हती. एका गायिकेसाठी केलेली तंबोऱ्यांची जोडी कारखान्यातल्या वस्तादांनी तीनदा परत केली होती. "सूर हलतोय रे," एवढंच ते म्हणायचे.

"मलाही ऐकू येतं ते," श्रीरंग नीरजाला म्हणाला होता. "सा लावला की आत काहीतरी फडफडतं. कारण कळलंय मला. ही गाडी. भोपळे आणायला मंगळवेढ्याला जातो, दोन-अडीच तास तो टायरचा घूं कानात भरतो, आणि मग दिवसभर निघत नाही. कानच खराब झाल्यावर जवारी काय होणार?"

"मग कान धुऊन घे," ती म्हणाली होती.

"टायर बदलू. मुके टायर घालू. बघ, आठ दिवसांत जोडी देतो का नाही."

बोलताना त्याच्या डोळ्यांत इतकी आशा होती, की तिला पुढं चिडवणं जमलं नव्हतं.

*

अक्कांनी जुने टायर उतरवून एकेक करून वाचनयंत्राच्या पिंपावर चढवले. रबरात विणलेल्या कार्बनच्या तंतूंत टायरच्या प्रत्येक वळणाची, धक्क्याची, दाबाची तारीखवार खूण राहते. यंत्र त्या खुणा वाचतं आणि मग कुठला टायर या गाडीला मानवेल ते सांगतं. सगळे त्याला टायरची पत्रिकाच म्हणायचे.

जुई कंटाळली, तसा श्रीरंग तिला घेऊन बाहेर गेला. काचेतून नीरजाला दिसत होतं. तो ओळीनं लावलेल्या टायरांवर बोटाच्या पेरानं टकटक करत होता, जसा पिकल्या भोपळ्यावर करतो, आणि कान लावून ऐकत होता. जुईही एकेका टायरला कान लावत होती.

"दोघं जण चालवताय न्हवं?" अक्का पडद्याकडं बघत म्हणाल्या. "एक बहात्तर किलो, एक छप्पन."

"त्रेपन्न," नीरजा म्हणाली.

"टायर खोटं बोलत न्हाई, बाई." अक्का मिश्कील हसल्या. "छप्पनवाल्याचा हात झ्याक हाय. यंत्र तुम्हाला बारा वर्षांची हमी देतंय, डोळं झाकून. बहात्तरवाल्याला मातुर..." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तीनच देतंय की वं."

"तीन? असं का?"

"डावा हात. गाडी थांबायला आली, सावकाश झाली, की स्टिअरिंग बारीक हलतंय. हे बगा." पडद्यावर एक रेघ होती. सरळ, सरळ, आणि मग मध्येच शिवणयंत्राच्या टाक्यासारखी नागमोडी. "येकसारखं. सेकंदाला पाच येळा."

नीरजानं ती रेघ पाहिली. मग तो आकडा पाहिला.

"रस्त्याचं असेल," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"रस्ता असता तर तुमच्यापण हाताला आला असता. त्योच रस्ता, त्येच टायर." अक्कांनी तिच्यापुढं चहाचा कप सरकवला. "कंपनीनं असलं लाखभर हात वाचल्यात म्हणं. तीन-साडेतीन वर्षांत हे हात गाडी चालवायचं सोडत्यात. का सोडत्यात, ते यंत्राला ठाव न्हाई. नवी गाडी घेत असतील. न्हाईतर ड्रायव्हर ठेवत असतील, पैसेवाली माणसं!"

अक्का हसल्या. नीरजाही हसली. न हसून चालणार नव्हतं.

सेकंदाला चार ते सहा. एका बाजूनं सुरुवात. हात काम करत असताना नाही, तर विसावलेला असताना. कंपवाताची ही लक्षणं तिला पुस्तकातून आठवावी लागली नाहीत. बेडगचे निवृत्त मास्तर आठवले, त्यांची बोटं अदृश्य गोळी वळत राहायची. आरगची शेवंताबाई आठवली, भाकरी थापायचं सोडल्याला तिला चार वर्षं झाली होती. दर मंगळवारी नीरजा तिला फरशीच्या रेघांवरून चालवायची. "पाय उचला मावशी, रेघ ओलांडा."

"कधीपासून आहे हे?" तिनं विचारलं.

अक्कांनी बोटानं रेघ मागं सारली. "दिवाळीच्या आधी न्हाई. मागल्या दिवाळीपास्नं."

सात महिने. तेवढ्यात तिला जुईच्या वेण्या आठवल्या. रोज सकाळी श्रीरंगच घालायचा, आणि दिवाळीनंतर कधीतरी त्या ढिल्या पडायला लागल्या होत्या. डावी वेणी दुपारपर्यंत सुटलेली असायची. "तंबोऱ्याला तार बांधतोस, पोरीच्या केसाला रबर लावता येईना होय रे?" असं ती चारचौघांत म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. तोही. ती दिवसभर परक्यांचे हात हातात घेत होती, आणि घरातला हात तिच्या नजरेतून निसटला होता. एका रबराला मात्र सात महिन्यांपासून माहीत होतं.

"अक्का, हे अजून कोणाला कळतं?"

"कंपनीला. आन आता आपल्या दोघींना." अक्कांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "काय वं, तोंड का उतरलं? गाडीत काय दोष न्हाई तुमच्या."

"नाही. गाडीत नाही."

बाहेर श्रीरंगनं जुईला खांद्यावर बसवलं होतं आणि ती त्याचे केस लगामासारखे धरून ओरडत होती.

समोर दोन्ही टायर उभे होते. कडक टायर गुणगुणत राहील. जवारी बिघडली की श्रीरंग त्याला शिव्या देईल. वस्ताद आणखी चारदा जोडी परत करतील, आणि त्याच्याकडं सांगायला कारण असेल. एक वर्ष. कदाचित दीडही. त्या आवाजाच्या आडोशाला तो अजून काही काळ फक्त एक वैतागलेला कारागीर म्हणून राहू शकेल, आजारी माणूस म्हणून नाही.

मऊ टायर तो आडोसा काढून घेईल. आठ दिवसांत, त्यानंच म्हटल्याप्रमाणं. घूं जाईल आणि फडफड राहील.

पण घरोघरी ती स्वतः काय सांगत हिंडत होती? आजार थांबवणारं औषध अजून आलेलं नाही. थरथर कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, आणि व्यायाम. पण व्यायाम जितका लवकर सुरू कराल तितके दिवस शरीर तुमचं ऐकेल. "लपवू नका हो, आमच्याकडं उशिरा आणता तुम्ही माणसं," असं ती किती बायकांना रागावली होती! त्या बायका नवऱ्याकडं बघायच्या आणि खाली मान घालायच्या. त्या मानेचं वजन आज तिला कळलं.

दार उघडलं. "काय म्हणते पत्रिका?" श्रीरंग खांद्यावरच्या जुईला सांभाळत वाकून आत आला. "मंगळ आहे का टायरला?"

अक्का तोंड उघडणार, तोच नीरजा म्हणाली, "मऊ घाला, अक्का."

"अं? बारा वर्षांचं सोडून?"

"मऊच घाला."

"ऐकलंस जुई? आई हरली!" श्रीरंगनं लेकीला खाली उतरवलं आणि तिच्याबरोबर दुकानभर एक गिरकी घेतली. त्याचा आनंद नीरजाला बघवेना. ती चहाच्या कपात बघत राहिली.

"बरं झालं," अक्का पान्हा उचलत स्वतःशीच पुटपुटल्या. "यंत्राच्या हिशेबाला त्येच बसतंय."

*

गाडी रस्त्याला लागली आणि पहिल्यांदा नीरजाला वाटलं, आपले कान बसले. चाकं फिरत होती, झाडं मागं जात होती, आणि आवाज नव्हता. मागच्या सीटवर जुईला झोप लागली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. बाटलीतलं पाणी हिंदकळलेलं ऐकू येत होतं.

"ऐक," श्रीरंग कुजबुजला. "काही नाही. ऐक ना, काहीच नाही!" त्यानं हलकेच सा लावला. सूर सरळ, स्वच्छ लागला. "बघितलंस? कान साफ झाला. उद्या जोडीला हात घालतो."

तिनं मान हलवली. आज रात्री सांगू, ती ठरवत होती. जुई झोपल्यावर. नाही, उद्या सकाळी. नाही, आधी डॉक्टरांची वेळ घेऊ आणि मग. ती वाक्यं जुळवत होती आणि एकेक मोडत होती. रोजची तीच वाक्यं होती, पण स्वतःच्या नवऱ्याला लागू पडेल असं त्यात एकही नव्हतं.

पुढं रेल्वेचं फाटक पडलं होतं. श्रीरंगनं गाडी सावकाश रांगेत उभी केली. डावा हात स्टिअरिंगवर विसावला.

टिक् टिक् टिक् टिक् टिक्.

अगदी बारीक. नखानं काचेवर वाजवावं तसं.

"कसला गं आवाज?" त्यानं बाटली सरळ केली. मागं वळून जुईच्या बुटाचं बक्कल पाहिलं. नीरजाचा हात गाणी लावायच्या कळीपाशी गेला. एक कळ दाबली असती, तर हा आवाज पुन्हा झाकला गेला असता. बोट कळीवर टेकलं. तिनं हात मांडीवर परत घेतला.

बाटलीकडं, बुटाकडं हात गेला की टिकटिक थांबत होती. हात स्टिअरिंगवर परत आला की सुरू होत होती. ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्याला फार वेळ लागणार नव्हता. त्यानं डावा हात उचलला. शांतता. ठेवला. टिक् टिक् टिक्. त्याची अंगठी स्टिअरिंगच्या कडेवर वाजत होती.

तो हाताकडं बघत राहिला. उजव्या हाताची बोटं आपसूक मांडीवर ताल धरू लागली, लय मोजू लागली. त्यानं डावी मूठ आवळली, उघडली. पुन्हा ठेवली. फाटकातून मालगाडी जायला लागली, पण बंद काचांच्या आत तिचा धडधडाटही ती टिकटिक झाकू शकला नाही.

"म्हणजे टायर नव्हता," तो म्हणाला.

नीरजाचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, बराच वेळ, तार लावून झाल्यावर ऐकतो तसं. दुकानातलं तिचं "मऊच घाला" त्याला आता कळलं असावं.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर उचललं गेलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. श्रीरंगनं गाडी हलवली नाही.

"नीरू," त्यानं अगदी हळू विचारलं, "पहिल्या दिवशी तू तुझ्या पेशंटना काय सांगतेस गं?"